भडगाव : एका घराचे सामान

मुंबईहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर चाळीसगाव मागे पडल्यानंतर आणि पाचोरा येण्यापूर्वी कजगाव हे लहानसे स्थानक लागते. तेथे उतरून कपाशीच्या काळ्या रानातून उत्तरेच्या अंगाला गेले म्हणजे गिरणेच्या काठी वसलेले भडगाव दृष्टीस पडते. जळगाव जिल्ह्यातील हे तालुक्याचे ठिकाण कापसाच्या आणि केळीच्या व्यापारात जुने असले, तरी देवदर्शनासाठी किंवा निसर्गशोभेसाठी बाहेरचा प्रवासी येथे सहसा वाकडी वाट करून येत नाही. मी आलो तो निराळ्याच जिज्ञासेने. खानदेशातल्या अशा मध्यम वस्तीच्या गावात आज जे घर उभे राहते, त्याची वाळू, खडी, वीट, सिमेंट आणि सळई कोठून निघते, कोणत्या वाटांनी व कोणाच्या हातांतून येते, आणि त्यांपैकी एखादा जिन्नस वेळेवर न पोहोचल्यास बाकीच्यांची काय अवस्था होते, हे वाटेवर उभे राहून पाहावे, अशी इच्छा पुष्कळ दिवस मनात होती. सामानाची ने-आण आणि तिची व्यवस्था हा विषय मोठ्या धरणांच्या व महामार्गांच्या संदर्भात नेहमी बोलला जातो. परंतु तिची खरी झळ ज्याला लागते, तो चार खोल्यांचे घर बांधणारा शेतकरी किंवा शिक्षक असतो, आणि त्याच्यासाठी ही व्यवस्था कोणी कागदावर आखून देत नाही.

गावाच्या जुन्या भागात अजून काही धाब्याची घरे शिल्लक आहेत. जाड मातीच्या भिंती, सागवानी खांब, त्यांवर तुळया आणि किलचण, आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा थर चोपून केलेले सपाट धाबे, असे हे खानदेशाचे परंपरागत घर. त्याचे आकारमान फुटांत सांगत नसत. इतक्या खणांचे घर म्हटले की ऐकणाऱ्याला धन्याची ऐपत कळे. माती गावच्या पांढरीतली, दगड नदीचा किंवा जवळच्या टेकाडाचा, आणि दूरचे काही असेल तर ते सातपुड्यातून वा डांगेतून बैलगाडीने आलेले लाकूड. १८७२ च्या सप्टेंबरात गिरणेला जो महापूर आला, त्यात भडगावची शेकडो घरे वाहून गेली. त्यानंतर जे गाव पुन्हा उभे राहिले, ते बहुतांशी याच सामानातून, म्हणजे दोन-चार कोसांच्या टापूत हाताला लागणाऱ्या मालातून उभे राहिले. त्या काळच्या माणसाला पुरवठ्याची चिंता नव्हती असे नाही, पण तिचा परीघ त्याच्या नजरेच्या आत होता. आजच्या घराचा परीघ तेलंगणापर्यंत पोहोचला आहे, आणि तरीही, जे मी पुढे सांगणार आहे ते थोडे अनपेक्षित वाटेल, सर्वांत दूरचा जिन्नस सर्वांत सुखाने येतो आणि दाराशी असलेला जिन्नस मिळता मिळत नाही.

तो दाराशी असलेला जिन्नस म्हणजे वाळू. नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीच्या कुशीत उगम पावून कळवण, मालेगाव, चाळीसगाव, भडगाव, पाचोरा असा प्रवास करीत तापीला मिळणारी गिरणा आपल्या पात्रात जी वाळू आणून टाकते, ती स्वच्छ, खरखरीत आणि बांधकामाला उत्तम अशी तिची ख्याती आहे. १९६९ मध्ये नांदगाव तालुक्यात गिरणा धरण पुरे झाले, तेव्हापासून वरच्या खोऱ्यातला गाळ आणि वाळू त्या जलाशयाच्या पोटात अडकून राहते. खालच्या पात्रात नवी वाळू येते ती मुख्यतः धरणाखालच्या उपनद्यांतून आणि काठांची झीज होऊन. म्हणजे उपसा वाढला आणि भरणा घटला. पात्रात उभे राहिल्यावर हे डोळ्यांनी दिसते. जेथे पूर्वी वाळूचा पट्टा असावा तेथे आता खाली दडलेला खडक आणि मातकट गाळ उघडा पडला आहे, आणि काठावरच्या विहिरींचे पाणी खोल गेल्याची तक्रार शेतकऱ्यांच्या तोंडी आहे. नदीतली वाळू ही पाण्याची कोठीच असते. पूर ओसरला तरी तिच्या थरात मुरलेले पाणी महिनोन् महिने काठच्या विहिरींना झिरपत राहते. कोठीच उचलून नेल्यावर धरणातून सुटणारे आवर्तन पात्रातून घाईने वाहून जाते आणि काठाची तहान तशीच राहते.

यासाठीच वाळूला सरकारने गौण खनिज म्हणून नियमांच्या बंदोबस्तात ठेवले आहे. पूर्वी गटवार लिलाव होत. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार खटल्यात लहान क्षेत्राच्या उपशालाही पर्यावरण-मंजुरी आवश्यक ठरविल्यानंतर लिलावांची गती मंदावली, आणि परवाना होईपर्यंत मोसम निघून जाणे हा नित्याचा प्रकार झाला. २०२३ मध्ये राज्य शासनाने सरकारी डेपोतून ६०० रुपये ब्रास दराने वाळू देण्याचे धोरण आणले. २०२५ मध्ये ते पुन्हा बदलले, आणि घरकुलाच्या लाभार्थ्यास पाच ब्रासपर्यंत वाळू विनामूल्य देण्याची तरतूद झाली. पावसाळ्यात १० जूनपासून ३० सप्टेंबरपर्यंत उपसा बंद असतो. विनापरवाना उपसा आढळल्यास जमीन महसूल संहितेच्या ४८ व्या कलमान्वये बाजारमूल्याच्या पाचपट दंड होऊ शकतो, वाहन जप्त होते, आणि तलाठी, मंडळ अधिकारी व तहसीलदार यांना रात्री-अपरात्री नदीकाठी उभे राहावे लागते. या कामात महसूल खात्याच्या माणसांवर राज्यात ठिकठिकाणी हल्ले झाले आहेत, हे वाचकांना ठाऊक आहेच. एवढ्या सगळ्यातून जी वाळू ग्राहकापर्यंत येते, तिचा दर कोणत्याही सरकारी तक्त्यात सापडत नाही. तो त्या आठवड्यात किती ट्रॅक्टर पकडले गेले यावर ठरतो. काठावर भेटलेल्या एका वयस्क शेतकऱ्याने ही सारी हकीकत अहिराणीत एका वाक्यात सांगितली. “वाळू नदीमा शे, पन घर येत नही, भाऊ.”

मापाचाही एक प्रश्न आहे, आणि तो मला एका गवंड्याने प्रत्यक्ष करून दाखविला म्हणून विस्ताराने सांगतो. वाळू ब्रासने विकली जाते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि ट्रॅक्टरची ट्रॉली काठोकाठ भरली म्हणजे सुमारे एक ब्रास, असा व्यवहारातला हिशेब. त्या मिस्त्रीने नुकत्याच आलेल्या ओलसर वाळूने एक डबा काठापर्यंत भरला, वरून सपाट केला आणि त्यात हळूहळू पाणी ओतले. वाळू पाहता पाहता खाली बसली आणि डब्याच्या वरच्या पाचव्या हिश्शात केवळ पाणी उरले. वाळूत पाच-सहा टक्के ओलावा असला की प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा धरतो, कण एकमेकांपासून दूर राहतात आणि वाळू चतुर्थांशाने फुगते; पूर्ण कोरडी किंवा पूर्ण भिजलेली वाळू मात्र आपल्या मूळ मापावर येते. पहाटे नदीतून निघालेली ओली वाळू मापून घेणारा घरधनी चार ब्रासचे पैसे देऊन तीन ब्रासच्या आसपास माल घेतो, आणि पुढे तीच वाळू घमेल्याच्या मापाने काँक्रीटमध्ये पडली म्हणजे मिश्रणाचे प्रमाणही बिघडते. अशा वेळी वजनकाट्यावर तोलून घेणे किंवा फुगवट्याची वजावट धरणे हाच न्याय्य मार्ग होय. ही परीक्षा करायला डबाभर वाळू आणि तांब्याभर पाणी पुरते. प्रत्येक घरधन्याने ती ट्रॉली रिकामी होण्यापूर्वी करावी.

नदीवरून बाजारपेठेत आलो आणि एका सिमेंट-लोखंडाच्या दुकानात बराच वेळ बसलो. दुकानाचे मालक साठीच्या घरातले, बोलण्यात अत्यंत आदबशीर. “दादा, बसा, चहा घ्या, मग गुदाम दाखवतो,” म्हणाले. गुदामात जमिनीपासून वीतभर उंच लाकडी फळ्यांवर, भिंतीला न टेकता, पोत्यांच्या थप्प्या होत्या. एका थप्पीत दहाहून अधिक पोती नाहीत, आणि प्रत्येक थप्पीवर खडूने आवकेची तारीख. जुना माल पुढे, नवा मागे. सिमेंट हवेतला ओलावा शोषून घेते आणि तीन महिन्यांत त्याची ताकद सुमारे पाचव्या हिश्श्याने उतरते. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर जास्त साठा करणारा दुकानदार आणि दिवाळीनंतर अपुरा साठा ठेवणारा दुकानदार हे दोघेही बुडतात. हा व्यापारी आवक-जावकेची वही स्वतः लिहितो आणि दर आठवड्यास थप्प्यांशी तिची रुजवात घालतो. त्याच्या गिऱ्हाइकांची मागणी वर्षभर सारखी नसते. कापसाचा पैसा हातात येतो दिवाळीनंतर, आणि घराचे काम आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, किंवा फार तर मृगापर्यंत आटपायचे असते. त्यामुळे साऱ्या तालुक्याची बांधकामे त्याच पाच-सहा महिन्यांत उभी राहतात, आणि नेमक्या त्याच काळात ट्रॅक्टर व ट्रक कापसाच्या वाहतुकीत गुंतलेले असतात. गाडी मिळाली तर हमाल मिळत नाही, हमाल मिळाला तर वाराईचा दर चढलेला असतो. १९६९ च्या माथाडी कायद्याने शहरांतल्या हमालांना काही संरक्षण मिळाले, परंतु तालुक्याच्या ठिकाणी पन्नास किलोचे पोते पाठीवर वाहणाऱ्याच्या वाट्याला त्यातले फार थोडे आले आहे, आणि हे मला मनापासून खटकते.

सिमेंटचा मागोवा घेत मी पाचोऱ्यावरून जळगावला आणि तेथून भुसावळच्या रस्त्याने नशिराबादपर्यंत गेलो. येथे ओरिएंट सिमेंटचा दळणाचा कारखाना १९९७ पासून आहे. सिमेंटचा मूळ दगड म्हणजे चुनखडी. ती जळगावच्या काळ्या बसाल्टात नाही. ती आहे तेलंगणात, मंचेरियाल जिल्ह्यातील देवापूर येथे. तेथे चुनखडी भाजून जे क्लिंकरचे खडे तयार होतात, ते शेकडो मैलांवरून नशिराबादला आणून जिप्सम व राखेसह दळले जातात. तयार पोती दूरवर आणण्यापेक्षा क्लिंकर आणून बाजारपेठेजवळ दळण्यात शहाणपण आहे, कारण दळलेल्या सिमेंटच्या मानाने क्लिंकर ओलाव्याला फारच कमी भितो, आणि दुसरे महत्त्वाचे कारण भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्रात आहे. कोळसा जळून उरणारी राख तेथे डोंगरांनी साठते. भारतीय मानकानुसार पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्क्यांपर्यंत राख मिसळता येते. ज्या राखेने परिसरातली शेते आणि श्वास यांना उपद्रव होतो, तिचा एक भाग अशा रीतीने घरांच्या भिंतींत जिरतो. भडगावच्या दुकानात पोते येते ते या साऱ्या साखळीचे अखेरचे टोक. आणि या साखळीचा प्रत्येक दुवा बिल्टी, चलन, वजनचिठ्ठी व साठ्याची नोंद यांनी बांधलेला असल्यामुळे तेथे ‘माल कोठे आहे’ या प्रश्नाला उत्तर देणारा कोणी तरी असतोच. वाळूच्या बाबतीत नेमका हाच माणूस नाही.

सळईचा मार्ग दक्षिणेकडून येतो. पोलादी सळईच्या गिरण्यांसाठी जालना महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे, आणि तेथून खानदेशात उतरण्याची जवळची वाट कन्नडच्या घाटाने चाळीसगावला येते. खानदेशातील भिल्ल पलटणीची उभारणी करणाऱ्या आउट्रॅमच्या नावावरून यास औट्रम घाटही म्हणतात. घाट पाहण्यासाठी मी चाळीसगावकडे वळलो, तेव्हा पायथ्याच्या पाटणादेवीला गेल्याशिवाय राहवले नाही. शके ११२८ चा तेथील शिलालेख भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापलेल्या मठाची वार्ता सांगतो. तो प्रकाशात आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त खातव्यवहार, चितिव्यवहार, क्रकचव्यवहार आणि राशिव्यवहार अशी प्रकरणे आहेत, म्हणजे खणलेल्या खड्ड्याचे घनफळ, रचलेल्या विटांची संख्या, करवतीने चिरलेल्या लाकडाचे माप आणि ढिगाचे परिमाण. आठशेहून अधिक वर्षांपूर्वी या डोंगराच्या सावलीत जे गणित शिकविले जावे अशी योजना झाली, तेच गणित आज भडगावच्या गवंड्याला हवे असते, हे पाहून मला फार समाधान वाटले.

घाटाची अवस्था मात्र समाधान देणारी नाही. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस चाळीसगाव परिसरात अतिवृष्टी झाली, तितूर नदीचा पूर शहरात शिरला आणि कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता दीर्घकाळ बंद राहिला. पुढे २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने जड वाहनांना घाट वर्ज्य झाला. तेव्हापासून लोखंडाच्या गाड्या शिऊर बंगला व नांदगाव असा वळसा घेऊन चाळीसगावला येतात. वळशाचे डिझेल, चालकाचा जादा वेळ आणि गाडीची एक फेरी बुडाल्याचा तोटा, हे सारे किलोमागे काही पैशांच्या रूपाने सळईच्या भावात उतरते. सुरक्षिततेसाठी ही किंमत योग्यच आहे. घाटातील नियोजित बोगद्याचे काम मार्गी लागेपर्यंत ती द्यावीच लागेल. दुकानात मी या सळया उतरताना पाहिल्या. बारा मीटरची सळई गाडीच्या हौद्यात मावत नाही, म्हणून तिला मधोमध वाकवून आणतात आणि बांधकामावर पुन्हा सरळ करतात. भावाचा सौदा वजनावर, पण मिस्त्री मोजतो नग. आणि दोहोंची सांगड घालण्याची रीत सोपी आहे. सळईच्या मिलिमीटरमधील जाडीचा वर्ग करून १६२ ने भागले की एका मीटरचे वजन किलोत मिळते. बारा मिलिमीटरची सबंध सळई अशा हिशेबाने साडेदहा किलोंहून थोडी अधिक भरली पाहिजे. ती पुष्कळच कमी भरली, तर जाडी चोरलेली आहे.

खडी आणि वीट यांविषयी थोडक्यात सांगतो. खडी जवळच्या बसाल्टाच्या खाणींतून क्रशरवर फुटून येते आणि तिची टंचाई क्वचितच जाणवते. वीट नदीकाठच्या पोयट्यातून भट्टीवर भाजली जाते. अवेळी पाऊस आला की वाळत घातलेल्या कच्च्या विटांचा चिखल होतो आणि पुढच्या दोन महिन्यांचा हजारी भाव त्या एका रात्रीत ठरतो. आता राखेच्या विटाही येऊ लागल्या आहेत. क्रशरवर तयार होणारी कृत्रिम वाळू हा नदीच्या वाळूचा खरा पर्याय असून, २०२५ च्या धोरणाने तिचे स्वामित्वधन ब्रासमागे ६०० वरून २०० रुपयांवर आणले आहे. मात्र क्रशरखाली साचणारी कच आणि नीट घडवून धुतलेली कृत्रिम वाळू या एक नव्हेत. कच सपाट, टोकदार आणि भुकटीने भरलेली असते, पाणी अधिक मागते, आणि तिच्यात सिमेंट वाढवूनही काँक्रीट दगा देण्याचा संभव राहतो.

हे सारे जिन्नस एका दिवशी एकत्र यावे लागतात तो दिवस म्हणजे स्लॅबचा. भडगावच्या एका नव्या वसाहतीत मी असा दिवस पाहिला. सहाशे चौरस फुटांचा, पाच इंच जाडीचा स्लॅब म्हटला तर १ : १॥ : ३ या प्रमाणात त्यास सुमारे साठ पोती सिमेंट, एक ब्रासहून किंचित अधिक वाळू आणि दोन ब्रासहून अधिक खडी लागते. काम एकदा सुरू झाले की मधे थांबवता येत नाही. थांबले तर जुन्या-नव्या काँक्रीटच्या सांध्यातून पुढे पाणी झिरपते. सकाळपासून सेंट्रिंग तपासून झाले होते, सळई बांधून झाली होती, मिक्सर आला होता, वीस-बावीस बिगारी हजेरीवर उभे होते, आणि वाळूची ट्रॉली आली नव्हती. आदल्या रात्री कोठे तरी कारवाई झाली म्हणून गाड्या बंद असल्याचे कळले. दुपारपर्यंत वाट पाहून मजुरांना अर्धी हजेरी देऊन घरी पाठविण्यात आले. मिक्सरचे भाडे गेलेच. तेलंगणातून निघालेले सिमेंट आणि जालन्याहून वळसा घेऊन आलेली सळई वेळेवर हजर, आणि हाकेच्या अंतरावरच्या नदीतली वाळू गैरहजर, असे ते दृश्य होते. घरधनी एका शाळेत शिपाई आहेत. त्यांची पत्नी बिगाऱ्यांसाठी केलेला स्वयंपाक झाकून ठेवीत होती आणि कोणालाही उपाशी जाऊ न देण्याचा आग्रह धरीत होती.

घरकुलाच्या लाभार्थ्याची स्थिती याहून नाजूक असते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशातील घराला १ लाख २० हजार रुपयांचे अनुदान मूळ धरलेले आहे आणि घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर. अनुदान हप्त्याहप्त्याने येते, जोत्यापर्यंत काम झाल्याचे छायाचित्र गेल्यावर पुढचा हप्ता. वाळूवाचून जोते अडते, जोत्यावाचून हप्ता अडतो, आणि हप्त्यावाचून सिमेंटची उधारी फिटत नाही. पाच ब्रास वाळू विनामूल्य असली तरी ती नदीवरच्या वाळूघाटावरून घरापर्यंत आणण्याचे भाडे त्यालाच भरावे लागते. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, वाळूचा परवाना देण्याइतकेच वाळूचा साठा करण्यास महत्त्व दिले पाहिजे. ऑक्टोबरात उपसा खुला होताच घरकुलांच्या यादीप्रमाणे गावोगावच्या पंचायतीच्या जागेत मोजून वाळू टाकावी, तिची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावी, आणि वाटप त्या नोंदीवरून व्हावे. एका ट्रॅक्टरने पाच घरांची वाळू एका फेरीच्या मार्गावर टाकली तर भाड्याचा बोजाही वाटला जाईल. सिमेंटच्या दुकानदाराला जे शिस्तीने जमते, ते महसुलाच्या कचेरीला जमणार नाही असे मानण्याचे कारण नाही. आणि नदीत जेथे वाळूचा थर उरलेला नाही, तेथे लिलाव करू नये. तेवढी तूट धुतलेल्या कृत्रिम वाळूने भरून काढावी.

यंदा ज्यांना घर बांधायचे आहे, अशा भडगाव, पाचोरा, चाळीसगावकडच्या वाचकांना माझी विनंती आहे. स्लॅबचा मुहूर्त ठरविण्यापूर्वी वाळू अंगणात येऊ द्या. ती घेताना वाहतुकीचा परवाना आणि पावती मागा, आणि पावती नसलेली ट्रॉली दोनशे रुपये स्वस्त मिळाली तरी परत पाठवा.